दोघांच्या होडीत एकटा

लांब पोस्ट आहे, चहा घेऊन बसा. निम्मी होडीबद्दल आहे, निम्मी पुराबद्दल. मधे माझी एक चूक आहे, जी मी सहा महिने बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. पाऊस तोंडावर आलाय म्हणून आता लिहितोय. नंतर लिहून उपयोग नाही.

रविवारी सकाळी सांगलीच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जे फिरायला येतात, त्यांना माझी पिवळी होडी माहीत आहे. साडेचौदा फूट लांब, दोन सीट, मधे छोटी डोलकाठी. वल्हं फारसं मारावं लागत नाही, सायकलसारखं पायाने चालवायची. वारा असला तर शीड उभं करायचं आणि पाय सोडून बसायचं. घाटावरून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "मगरीची भीती वाटत नाही का?" दुसरा, "दोन सीट आणि एकटेच? वहिनी येत नाहीत का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाटते. भिलवडी, औदुंबरपासून कसबे डिग्रजपर्यंत कृष्णेत मगरी आहेत हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या काठावर ऊन खात पडलेल्या असल्या की मी पलीकडच्या कडेने जातो, त्या पाण्यात असल्या की मला दिसत नाहीत. अंधारात उतरत नाही, पाण्यात हात घालून बसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच ही सगळी पोस्ट.

२०१९ चा ऑगस्ट. आम्ही गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका, हे आकडे आपल्याकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला ५३ च्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर खूण केली होती आणि "याच्या वर काय येत नाही" असं वडील सांगून गेले होते. ती खूण पहिल्याच रात्री पाण्याखाली गेली. वरच्या मजल्यावर आम्ही चौघं. आई ७४ वर्षांची, तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि लाईट गेलेली. तिसऱ्या दिवशी बोट आली, पण जागा दोघांचीच. आई आणि सौ. गेल्या, मी आणि पोरगा राहिलो. बोटीतल्या पोरांना दोष नाही, ती पोरं दोन दिवस झोपली नव्हती. पण त्या रात्री गच्चीवर बसून मी ठरवलं की आपल्या घरात आपली एक होडी असलीच पाहिजे. माणूस संकटात असताना जे ठरवतो त्यातलं बरंचसं पाणी ओसरल्यावर विसरतो. हे मात्र विसरलो नाही.

त्याचं कारण ८ ऑगस्ट. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, येरळा जिथे कृष्णेला मिळते त्या भागात, पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. १७ जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलं होती. माझ्या मेहुण्याचं गाव तिथून लांब नाही. त्यांच्याकडे त्या दिवसांत जनावरांची वैरण गुऱ्हाळाच्या काहिलीतून नेत होते. ज्यात गूळ करायचा त्यातच बसून पूर ओलांडायचा, ही आपल्या भागाची जुनी रीत. काहील गोल असते, तिला पुढं-मागं नसतं, एका बाजूला वजन गेलं की ती स्वतःभोवती फिरायला लागते. मेहुणा म्हणाला, "दाजी, होडी घेऊ. मी निम्मे घालतो. पण दोघांची घ्यायची."

लॉकडाऊन उठल्यावर गोव्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून ही सेकंडहँड मिळाली. कयाक. नावातला शेवटचा 'क' आमच्या गल्लीत कोणी उच्चारत नाही, 'कया' म्हणतात. पिकअपवर बांधून आंबोलीमार्गे आणली तेव्हा निपाणीच्या पुढं एका चहावाल्याने "घसरगुंडी आहे काय?" असं विचारलं होतं.

यंत्र भारी आहे. पायडल मारलं की होडीच्या पोटाखालचे दोन लवचीक पंख डावीउजवीकडे हलतात आणि पाणी मागे ढकलतात. पेंग्विन पोहतो तसं. अमेरिकेतल्या होबी नावाच्या कंपनीने हे १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलं. हात मोकळे राहतात. उथळ पाण्यात एक पाय पूर्ण पुढं दाबला की दोन्ही पंख पोटाला चिकटतात. शीड लावलं की तेच पंख खाली सरळ धरून ठेवायचे, मग वाऱ्याने होडी आडवी सरकत नाही, पुढं जाते. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. पहिले पंधरा दिवस मी ती चालवली कमी आणि खोलली जास्त.

मेहुणा वर्षभर पुढच्या सीटवर बसला. मग त्याला चाकणला नोकरी लागली आणि पुढची सीट रिकामी झाली. सौ. एकदा बसली. मधेच वाऱ्याने होडी कलली तेव्हा तिने जो आवाज काढला तो सांगलीवाडीपर्यंत गेला, त्यानंतर तिने विषय काढू दिला नाही. पोरगा पुण्याला. म्हणून मी एकटा.

आता दोघांची होडी एकट्याने चालवणं म्हणजे निम्मी होडी चालवणं नव्हे, हे मला चुकून चुकून कळलं. सुकाणूची मूठ मागच्या सीटजवळ आहे, म्हणून एकट्याने मागेच बसायचं. मग पुढचं टोक वर उचलतं. वर आलेल्या टोकाला वारा धरतो आणि होडीचं तोंड फिरवतो. तुम्ही डिग्रजकडे निघालेले असता आणि होडी सांगलीवाडीच्या केळीच्या बागेकडे बघत असते. पुढच्या पायडलच्या जागी होडीच्या तळाला आरपार भोक असतं. तिथे बूच नीट बसलं नाही तर पायडल मारताना त्यातून पाणी उसळतं. शिडाची दोरी पुढच्या माणसाने धरायची असते, ती मागे ओढून आणावी लागते. म्हणजे एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोरी, पाय पायडलवर आणि डोळे मगरीवर. यावर मी काढलेला उपाय असा की पुढच्या सीटच्या जागी वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन ठेवायचे. टोक खाली बसतं, होडी सरळ चालते. समुद्रात फिरणारे म्हणतील यात काय विशेष. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' एकट्याने पृथ्वीभोवती फिरवून आणली. जिला एरवी चारपाच माणसं लागावीत अशी ती बोट. मी सांगलीच्या बंधाऱ्यावर. पण गणित तेच आहे. जे काम दुसरा माणूस करणार होता ते नाहीसं होत नाही, कुणाला तरी करावंच लागतं.

नदी खालून बघितली की वेगळी दिसते. खालून म्हणजे पाण्याच्या पातळीवरून. पुलावरून जी कृष्णा दिसते ती वेगळी. शेरीनाल्याच्या तोंडाशी मी श्वास धरून पायडल मारतो, तिथे पाण्याचा रंग बदलतो ती रेघ स्पष्ट दिसते. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीकडे मेलेल्या माशांचा थर आला होता तेव्हा मी होडी काढली नाही. काढायची इच्छाच झाली नाही.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास नदीच उरली नाही. २०२३ ला पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरलं नाही, आणि पाणी सोडण्यावरून सातारा विरुद्ध सांगली असं सुरू झालं. इकडचे म्हणायचे आमच्या वाट्याचं सोडा, तिकडचे म्हणायचे आमचं आधी बघा. पेपरात रोज राजीनाम्यांच्या भाषा. मी त्या दिवसांत एकदा होडी घेऊन उतरलो आणि दोनशे मीटरवर पंख गोट्यांवर घासले. खाली उतरलो तर पाणी घोट्याएवढं. जिथे चार वर्षांपूर्वी माझ्या घराचा खालचा मजला बुडवणारं पाणी होतं, तिथे मी होडी बैलासारखी दोरीने ओढत चाललो होतो. दोन पोरं काठावरून व्हिडिओ काढत होती. काढू दे.

त्या दिवशी वाटलं की हे पाणी येतं कुठून ते एकदा जाऊन बघावं. शाळेत शिकलेलंच, पण शिकणं वेगळं. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या. एकीकडून एक उतरते, दुसरीकडून दुसरी, आणि कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. कोयनेचं पाणी आधी शिवसागर जलाशयात अडतं. शंभर टीएमसीच्या वर क्षमता, पन्नासेक किलोमीटर लांबी. त्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला सोडून वीज करतात. लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. उरलेलं पूर्वेला आपल्याकडे. म्हणजे सांगलीत घोट्याएवढं पाणी असतं तेव्हा त्याचा हिशोब तिकडे वर कुठेतरी झालेला असतो. पूर येतो तेव्हाही हिशोबाचा एक भाग तिकडचाच असतो.

मे २०२४ मध्ये होडी गाडीवर टाकून साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला गेलो. पूर्वी शासकीय गुपितांच्या कायद्यामुळे या जलाशयात बोटिंगवर फार बंधनं होती. ती सैल झाली, आणि त्याच वर्षी जावळी तालुक्यात मुनावळ्याला सरकारचं जलपर्यटन केंद्रही सुरू झालं. मी स्थानिक लोकांना रीतसर विचारून, अभयारण्याची बाजू सोडून, अलीकडच्या अंगाला उतरलो.

मे महिन्यात तिथलं पाणी खूप खाली गेलेलं असतं. काठावर लाल चिखलाच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. उतारावर जुन्या वस्त्यांचे दगड उघडे पडलेले. धरणासाठी उठलेली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, आपल्या सांगलीपर्यंत फेकली गेली. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतात, त्यांचे आजोबा तिकडचे. ते म्हणायचे, "आमचं गाव तुमच्या नळाला येतं." तेव्हा मी हसलो होतो.

सकाळी वारा नव्हता, मजेत पायडल मारत गेलो. दुपारनंतर वारा उठला. सांगलीत असा वारा मिळत नाही. घाटमाथ्यावरून खोऱ्यात उतरतो तेव्हा तो सरळ येत नाही, धक्के देत येतो. शीड भरलं, होडी सुटली. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की ती किती पळू शकते. आणि मी काय केलं? शिडाची दोरी हुकाला अडकवली, मोबाईल काढला आणि व्हिडिओ करायला लागलो. याच पेजसाठी. "मित्रांनो, बघा आपल्या साताऱ्याचं सौंदर्य," एवढं बोलून झालं होतं.

आता मुख्य गोष्ट. लाईफ जॅकेट माझ्या अंगात नव्हतं. उकडतं म्हणून काढून पुढच्या सीटवर रबरी दोरीखाली अडकवलं होतं. ब्रह्मनाळनंतर ज्या माणसाने या पेजवर लाईफ जॅकेटबद्दल किमान आठ पोस्ट लिहिल्या, शाळांत जाऊन पोरांना घालून दाखवलं, त्या माणसाने.

धक्का बाजूने आला. दोरी हातात असती तर सोडली असती आणि शीड फडफडून मोकळं झालं असतं. हुकातून सुटेपर्यंत मी पाण्यात होतो. दोन कॅनपैकी एक बांधलेला नव्हता, तो कललेल्या बाजूला घरंगळला आणि उरलंसुरलं काम त्याने केलं. होडी पूर्ण पालथी, डोलकाठी खाली, शीड पाण्याखाली चादरीसारखं पसरलेलं. मी लहानपणी माई घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, पट्टीचा नसलो तरी बुडणारा नाही. पण कपडे, बूट, वय ५२ आणि खाली किती पाणी आहे ते माहीत नाही. होडी सुलटी करायचा प्रयत्न तीनदा केला. खाली शिडात पाणी भरलेलं असताना ती सुलटी होत नाही, आधी डोलकाठी काढावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी पिंढरीत गोळा आला. मग नुसता धरून राहिलो. जॅकेट होडीखाली रबरात अडकलेलं, माझ्या हातापासून दोन हातांवर, पालथ्या होडीच्या आत.

वीसपंचवीस मिनिटं गेली असतील. लांबून लाँचचा आवाज आला. पर्यटकांना घेऊन चाललेली डिझेलची लाँच. त्यांनी मला बघितलं आणि वळवली.

मला वाटलं वाचलो. मी हात वर केला. लाँच जवळ आली आणि चालवणारे काका माझ्याकडे बघेचनात. ते माझ्या भोवतीच्या पाण्याकडे बघत होते. इंजिनाच्या आवाजात ओरडले, "दुसरा कुटं हाय?"

मला कळलंच नाही.

"दोगांची होडी हाय न्हवं ही! दुसरा कुटं हाय?"

मी ओरडलो, एकटाच आहे, एकटाच आहे. त्या इंजिनात काय ऐकू जाणार. आणि मी काही सांगायच्या आत लाँचवरचा एक पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, शर्ट काढून पाण्यात उडी मारून पालथ्या होडीखाली गेला. तिथे माझं शीड होतं, दोऱ्या होत्या, अडकायला सगळं होतं. तो वर आला, श्वास घेतला आणि परत खाली गेला. दुसऱ्यांदा. जो माणूस तिथे नव्हताच त्याला शोधायला.

तो दुसऱ्यांदा खाली होता ते काही सेकंद मी अजून विसरलेलो नाही. २०१९ च्या गच्चीवरसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

वर आला तेव्हा त्याच्या हातात माझं लाईफ जॅकेट होतं. बांधलेलं, कोरं. काकांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वर घेतलं, पाणी दिलं, होडी मागे बांधली. बामणोली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, "पाव्हणं, एकटं यायचं तर एकट्याची होडी आणा. न्हायतर दुसरी शीट काढून ठेवा. आमी काय समजायचं?" पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. पोराने माझ्या मोबाईलबद्दल विचारलं. तो तळाला गेला होता. मी म्हणालो गेला ते बरं झालं.

त्या चिखलाच्या काठावर बसलेलो असताना लाँचवरच्या एका बाईने सहज सांगितलं की पलीकडच्या वाड्यांतल्या पोरींना याहून लहान होडी वल्हवता येते. ते खरं आहे. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, पुढे जंगलातून चालत अंधारीला पोचतात, ही बातमी आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत स्वतःहून त्याची दखल घेतली. मी तेव्हा ती बातमी "आपल्या पोरींचं धाडस" म्हणून शेअर केली होती, दीडदोनशे लाईक आले होते. त्या काठावर ओल्या कपड्यात बसल्यावर मात्र डोक्यात एवढंच आलं की त्यांच्या होडीत लाईफ जॅकेट होती का, हे शेअर करताना मी बघितलंसुद्धा नव्हतं. धाडस शब्द वापरला की बाकी काही बघावं लागत नाही.

घरी येऊन सांगितलं मोबाईल पाण्यात पडला. ते खरंच होतं. दिवाळीला मेहुण्याने पत्ते खेळताना सगळं ओकलं. सौ.ने मला काही म्हटलं नाही, ती उठून आत गेली आणि दोन दिवस बोलली नाही. आई म्हणाली, "मला बोटीत घातलंस तेव्हा जॅकेट घालायला लावलं होतंस की रे." आता यावर काय बोलणार?

काकांचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आमी काय समजायचं? ब्रह्मनाळच्या दिवशीच्या बातम्या मी परत काढून वाचल्या. होडीत नेमके किती जण होते याचे आकडे त्या दिवशी सगळीकडे वेगवेगळे होते. म्हणजे शोधणाऱ्यांना किती जणांना शोधायचं हेच नीट माहीत नव्हतं. गर्दीत, पावसात, पाणी चढत असताना कोण मोजणार, हे मलाही कळतं. पण चढताना एका माणसाने नुसतं मोजायचं आणि काठावरच्याला आकडा ओरडून सांगायचा, याला काही पैसे लागत नाहीत. मी आता एकटा निघालो की पुढची सीट काढून घरी ठेवतो आणि घाटावरच्या चहावाल्याला सांगून जातो, "एक." परत आलो की "एक आला." तो हसतो. हसू दे, पण तो मोजतो.

या एप्रिलमध्ये मेहुण्याच्या गावी गेलो. त्यांच्याकडे पुरानंतर एक फायबरची बोट आली. कोणी दिली ते इथे महत्त्वाचं नाही, दिली हे चांगलंच झालं. २०२१ च्या जुलैत सांगलीला पाणी परत ५४ च्या वर गेलं तेव्हा ती थोडी वापरली. त्यानंतर ती शेडमध्ये ताडपत्रीखाली. आम्ही ताडपत्री काढली तर आत कोंबडीने अंडी घातलेली. इंजिन जाम. ते माझं कामच आहे, दोन दिवसांत चालू केलं, त्याचं कौतुक नको. लाईफ जॅकेटची गोणी उघडली तर उंदरांनी पट्टे कुरतडलेले, वीसमधली सात धड. शिट्टी एकालाही नाही. वल्ही इतकी आखूड की बसून पाण्यापर्यंत पोचेनात. सरपंचांना बोलावून दाखवलं. ते बघत राहिले आणि खरं बोलले, "आमाला वाटलं बोट आली म्हंजे झालं."

गावाबाहेर पाझर तलाव आहे, तिथे मगरी नाहीत. बोट तिथे नेली आणि चौदा पोरं जमवली. सगळी पोहणारी, आडदांड, दोघं तर श्रावणात सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारणारी. मी म्हणालो, एकाने पाण्यात उतरा आणि बाकीच्यांनी त्याला बोटीत घ्या. सगळे एकदम त्याच्या बाजूला सरकले. बोट जी कलली, दोघं आणखी पाण्यात. हसून हसून पुरेवाट झाली. मग हळूहळू हसणं कमी झालं, कारण त्यांच्याच लक्षात आलं की पुरात आपण हेच केलं असतं. पाण्यातून बोटीत स्वतः चढायला सांगितलं तर चौदापैकी नऊ जणांना जमलं नाही. जोर कमी नव्हता, पद्धत माहीत नव्हती. हाताने ओढून उभं वर येता येत नाही. आधी पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं करायचं, मग पोटावर सरपटत आत यायचं आणि आत आल्यावर वळायचं. म्हातारं माणूस असेल तर त्याची पाठ बोटीकडे करून दोघांनी जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून उचलायचं, आणि त्या वेळी बाकीच्यांनी पलीकडच्या बाजूला बसून राहायचं. बसून राहायचं हेच पोरांना सगळ्यात अवघड जातं.

असे तीन रविवार केले. खर्च, डिझेल आणि वडापाव. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नदीकाठच्या कितीतरी गावांत अशा बोटी शेडमध्ये आहेत. तुमच्या गावची कुठे आहे, ताडपत्री कोणी कधी उचलली, किल्ली कुणाकडे आहे, एवढं या आठवड्यात बघून कमेंटमध्ये लिहा. फोटो टाका. इंजिन जाम असेल तर मला कळवा, मी आणि दुकानातला पोरगा येऊ, मजुरी नको. पाणी ४० फुटांवर गेल्यावर कळवू नका.

शेवटच्या रविवारी मेहुण्याची मुलगी आली होती, अकरावीत आहे. पोरं बोटीत आणि ही काठावर बसून सगळं बघत होती. दुपारी म्हणाली, "मामा, तुमची कया कुठाय?" गाडीवरच होती. पुढची सीट लावली, कॅन उतरवले. ती पुढं बसली, मी मागे. कितीतरी दिवसांनी होडीचं तोंड आपोआप सरळ राहिलं. तिच्या हातात शिडाची दोरी दिली आणि सांगितलं, काही झालं तरी अडकवायची नाही, हातातच ठेवायची.

तलावाच्या मधे गेल्यावर ती मागे वळून म्हणाली, "तुम्ही उलटला होता तेव्हा डोलकाठी कशी काढायची ते माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आता माहीत आहे?"

"आहे."

"मग उलटवा की. मला बघायचंय."

काठावर तिची आजी बसली होती. मी जॅकेटचे पट्टे तपासले, तिचे आणि माझे, काठाकडे बघून मोठ्याने "दोन!" म्हणून ओरडलो आणि वजन एका बाजूला टाकलं. आजींनी त्यानंतर जे काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.